उजव्या पिळाचे एकोणचाळीस प्याले

त्या गल्लीत धाकटीला ‘धाकटी’ म्हणणारी बरीच माणसं तिच्या निम्म्या वयाची होती. बाई अठ्ठावन्न वर्षांची, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, डोक्यावर काळा केस औषधालाही शिल्लक नव्हता. तरी दूधवाल्यापासून गॅसच्या टाक्या आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ती धाकटीच. कारण सरळ होतं. घरात ताई होती. ताई असेपर्यंत धाकटीला मोठं व्हायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची घाईही नव्हती.

दोघी बहिणी काचेचे प्याले बनवायच्या. प्यायचे नव्हेत, बघायचे. व्हेनिसच्या पद्धतीचे, वीतभर उंच, खाली चपटी गोल बैठक, त्यावर पेन्सिलीहून बारीक दांडा आणि दांड्यावर कांद्याच्या सालीइतकी पातळ वाटी. दांड्याच्या आतून रंगीत काचेचा एक दोरा पिळत पिळत वर चढायचा. अशा प्याल्यातून कुणी सरबत प्यायलं असतं तर ताईने त्या माणसाला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

व्हेनिस दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांचे वडील प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या बनवायचे. एकदा कुणीतरी दांडा मोडलेला एक जुना प्याला त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकला, आणि वडील पंधरा दिवस तो नुसता खिडकीच्या उजेडात धरून बसले. प्याला परत गेला तेव्हा तो दुरुस्त झाला होता आणि वडील बिघडले होते. त्यानंतर नळ्यांमध्ये त्यांचं मन कधी लागलं नाही. रस्त्यांच्या जागी पाणी असलेल्या त्या गावाबद्दल ते एवढं बोलायचे की मुलींनाही नाद लागला. तिथे कामावर होडीतून जात असतील का, गॅसची टाकी होडीतून उतरवताना पाण्यात पडली तर कुणाला बोलावत असतील, खिडकीखालून पाणी हलत असताना छतावर जो उजेड हलतो त्यात काचेचा खरा रंग कळत असेल का? ज्योतीवर हात चालू असताना दोघींचं हे बोलणं चाळीसेक वर्षं चाललं होतं आणि अजून कशाचाही निकाल लागला नव्हता.

कारखाना म्हणजे घराचा तळमजला. मधोमध एक लांब टेबल, त्याच्या दोन बाजूंना दोन बर्नर, समोरासमोर. भिंतीला टेकून भट्टी. गरम काच उघड्यावर निवली तर तडकते, म्हणून झालेला प्याला लगेच भट्टीत जायचा आणि तिथे रात्रभर हळूहळू निवायचा. भट्टी भरायची ताईने आणि सकाळी उघडायची धाकटीने, ही वाटणी वडिलांच्या वेळेपासूनची. ताई सकाळी दहाच्या आत खाली उतरायची नाही. तिने लग्न केलं नव्हतं, कुणी विचारलंच तर म्हणायची, “दोन्ही हात कामात होते.”

कामाला बसताना दोघी गुलाबी काचांचे चष्मे घालायच्या. त्या काचांतून ज्योतीचा पिवळा भडका दिसेनासा होई, आणि उरे ती नुसती मऊ, संथ, मधासारखी ओघळणारी काच. आवाज फक्त बर्नरचा, एकसुरी. तासाभराने आपण जागे आहोत की डुलकी लागलीय हे कळायचं नाही, पण बोटं फिरत राहायची. त्या गुलाबी काचांतून धाकटीने आयुष्यभर ताईला पाहिलं होतं. ज्योतीपलीकडे, मान खाली, ओठ जरासे पुढे काढलेले. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं तर तिला तो गुलाबीच आठवायचा.

धाकटी बारा वर्षांची असताना टेबलाशी आली तेव्हा ताईच्या शेजारी जागाच नव्हती. एका बाजूला टाक्या, दुसऱ्या बाजूला काचेच्या कांड्यांची मांडणी. म्हणून ती समोर बसली आणि समोरून जसं दिसलं तसं शिकली, आरशात बघून शिकावं तसं. ताई डाव्या हाताने कांडी धरून उजव्याने पीळ द्यायची. धाकटी उजव्याने धरून डाव्याने द्यायला लागली. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक दिवस वडिलांनी दोघींचे दांडे शेजारी ठेवले. ताईच्या दांड्यातला दोरा उजवीकडे वळत वर जात होता आणि धाकटीचा डावीकडे. वडील खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी धाकटीचा हात सुधारायचा चंग बांधला, पण मनगटांनी एकदा घेतलेली सवय सोडली नाही. शेवटी ताईच म्हणाली, “राहू द्या हो. जोडी लावून बघा, कशी एकमेकींकडे तोंड करून उभी राहते.”

तेव्हापासून या घरातून एकटा प्याला बाहेर पडला नाही. एक उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा, अशी जोडीच. माल घेणारा दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगताना असा रंगात यायचा की जणू ही युक्ती त्याच्याच डोक्यातून निघाली होती.

तर असं हे सगळं छान चाललेलं असताना ताईचा कप वाजायला लागला.

सकाळी चहाचा कप बशीत ठेवताना बारीकशी खणखण. सदुसष्ट वय, म्हणजे काही विशेष नाही. ताई म्हणाली, “बशीच वेडीवाकडी आहे.” बशी बदलली. नवी बशीही वेडीवाकडी निघाली. धाकटीचा नवरा, जो बसमध्ये पस्तीस वर्षं तिकीट तपासनीस होता आणि घरात अजूनही तपासनीसच म्हणवला जायचा, त्याने एकदा ताईच्या हाताकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

मग एका सकाळी धाकटीने भट्टी उघडली. तिचा स्वतःचा प्याला नेहमीसारखा होता. ताईचा शेजारी उभा होता आणि त्याचा दांडा दोन बोटं नीट वर जाऊन अचानक एका बाजूला उडाला होता, अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा. पीळही तिथेच विस्कटलेला. वर वाटी कलती. धाकटी बराच वेळ तो हातात घेऊन उभी राहिली. ताईच्या हातून असं काही आलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिला सरळ सरळ भीती वाटली. ताई खाली येईल, हे बघेल, आणि काही न बोलता बर्नर बंद करून वर निघून जाईल, ही भीती. मग त्या टेबलाच्या पलीकडे कोण?

फळीवर ताईचे दोन-तीन जुने प्याले जोडीविना पडून होते. धाकटीने त्यातला एक पुसला, भट्टीत नव्याच्या जागी ठेवला, आणि नवा अंगणातल्या, फुटकी काच टाकायच्या बादलीत घालून वर फडकं धरून हातोडीचा एक टोला दिला. एकदाच, असं तिने स्वतःला बजावलं. सगळी माणसं आयुष्यातल्या मोठ्या भानगडींची सुरुवात याच शब्दाने करतात.

दहा वाजता ताई खाली आली. प्याला उजेडात धरला आणि तिचा चेहरा असा उजळला की धाकटीला वाटलं, यासाठी तर काहीही करावं.

“काल ज्योतीवर मला हा वाकडा वाटला होता गं,” ताई म्हणाली. “रात्रभर डोक्यात तेच. बघ, अगदी सुतासारखा आहे.”

“मग? उगाच आपलं तुझं काहीतरी,” धाकटी म्हणाली.

फळीवरचे जुने प्याले आठवड्यात संपले. त्यानंतर धाकटीला ताईचे प्याले स्वतःच बनवणं भाग पडलं. दुपारी दोन ते चार ताई वर झोपायची. त्या वेळात धाकटी टेबलाला वळसा घालून ताईच्या खुर्चीवर बसायची. मागच्या खोलीत वडिलांची छोटी भट्टी धूळ खात पडली होती, ती तिने चालू केली. उलटा पीळ हाताला येईना. डावा हात कांडी धरून गप्प बसायला तयार नव्हता, उजवा पीळ द्यायला शिकत नव्हता. सहाव्या दिवशी तिने हातांशी भांडणं सोडलं आणि नुसती मनातल्या मनात ताई होऊन बसली. ओठ जरासे पुढे काढले. मान खाली घातली. आणि दोरा उजवीकडे वळून वर निघाला, गुपचूप, जणू तो त्या मनगटात कधीपासून वाट बघत होता.

त्या दुपारी फार विचित्र होत्या. खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर येऊन थांबायचा, बर्नर घुमायचा, गल्लीत चिटपाखरू नसायचं. ताईच्या खुर्चीतून धाकटीला तिची स्वतःची रिकामी खुर्ची दिसायची. ताईला इतकी वर्षं समोर काय दिसत होतं हे तिला पहिल्यांदा कळत होतं. मागच्या भिंतीवरचा ओलीचा डाग, जो तिने कधी पाहिला नव्हता कारण तो कायम तिच्या पाठीशी होता. दार, आणि दारातून जिन्याच्या तीन पायऱ्या. कधी कधी तिला वाटायचं की ज्योतीपलीकडे कुणीतरी बसलंय, बारा वर्षांचं, डोळे मोठे करून आपल्या हातांकडे बघतंय. कधी वाटायचं की खाली पाणी हलतंय आणि घर हळूहळू कुठेतरी निघालंय. काच वाहायची, फिरायची, थांबायची. चार वाजता जिना वाजला की ती दचकून उठायची आणि आपल्या बाजूला जाऊन बसायची.

एक गोष्ट मात्र तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. तिला ते आवडायला लागलं होतं. ताईचा प्याला, ताई तरुण असताना बनवायची त्याहूनही नीट, आपल्या हातून उतरतोय याचा तिला आतल्या आत अभिमान वाटायचा, आणि त्या अभिमानाची तितकीच लाज.

तपासनिसाच्या नजरेतून बादली सुटली नाही. एक दिवस अंगणात तो तिच्याजवळ आला. “बादली लवकर भरते आहे हल्ली.”

“जुनं काढतेय.”

“पस्तीस वर्षं मी खोट्या तिकिटांवर काढली,” तो शांतपणे म्हणाला. “बिनतिकीट माणूस नेहमी खिडकीबाहेर बघतो. तू आत्ता कुठे बघतेयस?”

धाकटी भिंतीकडे बघत होती. मग तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “उतरणार कधी?”

“सांगेन. तिला जरा बरं वाटू दे.”

पण ताईला बरं वाटत होतं, हीच तर पंचाईत होती. आठवड्यातून दोनदा सकाळी भट्टीतून तिचा सरळ दांडा निघत होता. आदल्या संध्याकाळी ज्योतीवर तोच दांडा तिला वाकडा दिसलेला असायचा. शहाणी बाई होती ती. काच भट्टीत आपोआप सरळ होत नाही हे तिला धाकटीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तेव्हा दोष राहिला एकाच ठिकाणी.

“हात ठीक आहे,” ती एकदा जेवताना म्हणाली. “डोळेच फितूर झालेत.”

डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोघी मिळून गेल्या. डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत उजेड टाकला आणि सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. नवा चष्मा हवाच असेल तर देतो. ताईने घेतला. नव्या चष्म्यातूनही दांडा वाकडाच दिसला. घरी येताना ताई रस्त्यात मध्येच थांबली आणि पलीकडच्या विजेच्या खांबाकडे बघून म्हणाली, “हा तुला सरळ दिसतो का गं?” धाकटी म्हणाली, दिसतो. “मलाही दिसतो,” ताई म्हणाली, आणि चालायला लागली. तेव्हाच सांगायला हवं होतं. धाकटीच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. तेवढ्यात ताईने तिचा हात धरला, रस्ता ओलांडायला, आणि तो हात इतका बारीक थरथरत होता की धाकटीने शब्द गिळले.

असे पाच महिने गेले. मग कलाशाळेच्या बाई आल्या. दुकानदाराच्या कपाटात त्यांनी एक जोडी पाहिली होती आणि त्यातल्या उजव्या पिळाने त्यांना वेड लावलं होतं. या वयात असा दांडा ओढणारं माणूस कुठे सापडायचं, असं त्या तीनदा म्हणाल्या. शाळेच्या मोठ्या दालनात दोनशे माणसांसमोर ताईंनी एक प्याला करून दाखवावा, अशी त्यांची विनंती होती.

ताई आजवर कुणाच्या पानसुपारीलाही गेली नव्हती. ती नाही म्हणेल या खात्रीने धाकटी चहा ओतत राहिली.

“येईन की,” ताई म्हणाली. “हात चालतोय तोवर दाखवावा.”

धाकटीचा चहा बशीत सांडला. बाई गेल्यावर तिने पुष्कळ फाटे फोडून पाहिले. तिथे गर्दी असेल, उकडेल, टाकी कशी न्यायची, लोक फोटो काढतील. ताईने एकेकाला उत्तर दिलं. पाच महिन्यांपूर्वीची ताई, कप वाजला की ओशाळणारी, अशा गोष्टीला कधीच कबूल झाली नसती. हे धाडस तिला धाकटीनेच दिलं होतं, आठवड्याला दोन सरळ दांडे याप्रमाणे. आता दोनशे माणसांसमोर तिचा हात उडणार होता आणि तिथे सकाळी उठून काही बदलायची सोय नव्हती.

धाकटीने ठरवलं, सोमवारी सांगायचं. सोमवारी ताईला सर्दी झाली. बुधवारी सांगायचं ठरवलं तर ताईने धाकटीच्या आवडीचं गाणं गुणगुणायला घेतलं. असे दिवस सरले आणि कार्यक्रम चार दिवसांवर आला.

त्या दिवशी दुपारी धाकटी बाजारातून परतली तर खाली बर्नरचा आवाज येत होता. ताई झोपायला गेलीच नव्हती. धाकटी दारातच थांबली. ताई आपल्या जागी बसली होती, ज्योत पेटलेली, दोन्ही हातांमध्ये तापलेली कांडी, चेहरा अगदी शांत, एखादं सुखाचं स्वप्न पडत असल्यासारखा. धाकटी दोन पावलं पुढे आली. गुलाबी काचांमागे ताईचे डोळे मिटलेले होते.

ज्योतीपासून चार बोटांवर बोटं. कांडी लोंबायला लागली होती, पीळ केव्हाच विस्कटला होता, आणि ताई मंद हसत उजवा हात फिरवत होती.

धाकटी टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने गॅस बंद केला. बर्नर फुस्स करून थांबला.

“ताई, डोळे उघड.”

“का बंद केलास? छान चाललं होतं,” ताई डोळे न उघडता म्हणाली. “मी काय ठरवलंय माहितीय? तिथे असंच करायचं. डोळ्यांचं ऐकलं की हात बावरतो. कालचा मी असाच केला, न बघता. सकाळी बघितलास ना, कसा आला होता?”

“तो तुझा नव्हता.”

ताईने डोळे उघडले.

“तो मी केला होता,” धाकटी म्हणाली. “तू झोपतेस तेव्हा. त्याच्या आधीचाही मीच केला. पाच महिने मीच करतेय ताई. तुझे डोळे चांगले आहेत. जे दिसत होतं ते खरं होतं.”

एकदा तोंड उघडल्यावर सगळं बाहेर आलं. फळीवरचे जुने प्याले, मागची छोटी भट्टी, उलटा पीळ. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं ती दर दोन वाक्यांनी म्हणत होती आणि प्रत्येक वेळी ते तिला स्वतःलाच कमी पटत होतं. ताई ऐकत होती. रडेल, असं धाकटीला वाटलं. ओरडली असती तरी चाललं असतं.

ताईने हातातली वाकडी कांडी खाली ठेवली. “माझे कुठे आहेत?”

“काय?”

“मी केलेले. ते कुठे ठेवलेस?”

धाकटीने या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. पाच महिन्यांत एकदाही नाही.

“बादलीत,” ती म्हणाली. “भंगारवाला घेऊन गेला.”

“किती?”

“एकोणचाळीस.”

ताईने चष्मा काढला, घडी घातली. “हात बदलला तर बदलला,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “बदललेल्या हाताशी ओळख करून घेतली असती मी. पाच महिने होते मला. कुठे उडतो, किती वेळाने उडतो, त्याला काय मानवतं, काय नाही. मला माझंच काम तू दिसू दिलं नाहीस.” मग ती उठली आणि जिना चढून गेली. धाकटी टेबलापाशी उभी राहिली. आपण ताईला सांभाळत होतो असं ती समजत होती. प्रत्यक्षात तिने ताईच्या हातचे शेवटचे एकोणचाळीस प्याले स्वतःच्या हाताने फोडले होते.

पुढचा दीड दिवस ताई तिच्याशी बोलली नाही. जे काही सांगायचं ते तपासनिसाला सांगायची, धाकटी समोर बसलेली असताना. “मास्तर, हिला सांगा, मीठ कमी आहे.” तपासनीस गंभीरपणे वळून सांगायचा, “मीठ कमी आहे.” एरवी धाकटी हसून लोळली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि बादली पालथी केली. भंगारवाला महिन्याच्या सुरुवातीला येऊन गेला होता, पण नंतरचे दिवस बादलीत होते. कंदिलासारखा विजेचा दिवा घेऊन ती तासभर चिवडत बसली. बोटं कापली. सात तुकडे मिळाले, उजव्या पिळाचे, सर्वांत लांब करंगळीएवढा. ते तिने धुतले, पुसले आणि टेबलावर ताईच्या बाजूला पांढऱ्या कागदावर ओळीने मांडून ठेवले. माफी कशी मागायची ते तिला सुचत नव्हतं, म्हणून ती जाऊन झोपली.

सकाळी सातला ती खाली उतरली तर ताई आधीच तिथे होती. आयुष्यात पहिल्यांदा दहाच्या आत. सातही तुकडे तिने खिडकीशी नेले होते आणि एकेक उजेडात फिरवून बघत होती, नख लावून मोजत होती.

“चौथ्या वळशाला उडतो,” ती म्हणाली. तपासनीस खोलीत नव्हता, म्हणजे हे धाकटीलाच होतं. “सगळ्यांत. तीन नीट, चौथ्याला उडतो.” तिने एक तुकडा पुढे केला. “आणि इथे बघ, मी तो दाबून सरळ करायला गेलेय. म्हणून जास्त बिघडलाय.”

“कार्यक्रमाला नाही म्हणून कळवू का?” धाकटीने विचारलं.

“नाव दिलंय ना मी? मग जायचं.” ताईने बर्नर पेटवला. “तू तिकडे बस. तुझ्या जागेवर. आणि मला मदत करायची नाही.”

दोन दिवस त्या टेबलावर ताईने नुसते दांडे ओढले. मोडलेले सगळे फळीवर गेले. बादली तपासनिसाने उचलून माळ्यावर टाकली होती.

कलाशाळेचं दालन उंच होतं आणि माणसं दोनशेच्या वर होती. टेबल, दोन बर्नर, बाजूला घरच्या मागच्या खोलीतून आणलेली छोटी भट्टी. दोघींनी चष्मे घातले. माणसं कुजबुजायची थांबली आणि मग उरला तो फक्त बर्नरचा घुमणारा आवाज. हळूहळू दालन, खुर्च्या, चेहरे सगळे गुलाबी होऊन मागे सरकले आणि ज्योतीपलीकडे ताई उरली, मान खाली, ओठ जरासे पुढे.

ताईने कांडी तापवली आणि पीळ द्यायला घेतला. एक, दोन, तीन. मग हात थांबवला, काच ज्योतीबाहेर घेतली, श्वास सोडला. हात उडाला, पण तेव्हा काच त्याच्या ऐकण्यापलीकडे घट्ट झाली होती. पुन्हा ज्योत, पुन्हा तीन. एकदा ती चुकली आणि चौथा वळसा निसटला. दांडा जरासा कलला. पुढच्या रांगेतला कुणीतरी हळहळला. धाकटीचा हात आपोआप पुढे गेला, आणि ताईने मान वर न करता एकदा नाही अशी हलवली. धाकटीने हात मांडीखाली घेतला. ताईने कलता दांडा सरळ करायचा प्रयत्न केला नाही. त्याच कलाने पुढे गेली, तीन तीन वळसे, आणि वाटी लावताना ती तेवढीच उलट बाजूला बसवली, म्हणजे प्याला आपल्या पायावर उभा राहील.

उभा राहिला. सुतासारखा नव्हता. तीन-तीन वळशांनंतर दांड्यावर बारीक गाठी होत्या आणि मध्ये एके ठिकाणी तो वळून कुणाकडे तरी बघत असल्यासारखा दिसत होता. असा प्याला या घरातून कधी निघाला नव्हता.

“हा मुद्दाम असा केलाय का?” पुढच्या रांगेतून एका माणसाने विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. “हात कापतो माझा.”

ताईने दोन्ही हातांनी चिमटा धरून प्याला टेबलावरून धाकटीकडे दिला. तो मध्ये थरथरत होता. धाकटीने तो घेतला तेव्हा तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण ते चष्म्यामुळे नव्हतं.

“भट्टीत ठेव,” ताई म्हणाली. “आणि सकाळी बदलू नकोस.”

“नाही बदलत,” धाकटी म्हणाली, आणि तिने भट्टीचं दार लावलं.